शिर सलामत, पण पगडीचे काय?

(संस्थेच्या पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दरवर्षी या मेळाव्यात दहावीचा निकाल, शिष्यवृत्त्या आणि मुलींचे शिक्षण या विषयांवर बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. यंदा चिटणीस साहेबांनी मला विषय निवडण्याची मोकळीक दिली. मी जो विषय सांगितला तो ऐकून त्यांना थोडे आश्चर्य वाटले. विषय असा : लहानपणी कर्करोग होऊन जे मूल बरे झाले, त्याचे पुढचे आयुष्य कसे जाते, आणि ते चांगले जावे म्हणून घराने व शाळेने काय करावे? मी डॉक्टर नाही. बी.ए., बी.एड. झालेला, मराठी व इतिहास शिकवणारा साधा शिक्षक आहे. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, त्याला कारण माझा एक विद्यार्थी आहे. त्याच्या परवानगीने, पण त्याचे नाव न घेता, त्याची हकीकत प्रथम सांगतो.

मी नोकरीला लागून एकदोन वर्षेच झाली होती. आठवीच्या माझ्या वर्गात एक मुलगा आला. वयाने इतरांपेक्षा दोन वर्षांनी मोठा, अंगाने मात्र लहानखुरा. सहावीत असताना त्याला रक्ताचा कर्करोग झाला होता. अडीच वर्षे मुंबईला खेपा घालून त्याचे उपचार पूर्ण झाले होते. त्याचे वडील द्वारकेजवळ एका गॅरेजमध्ये फिटर. आई घरी शिवणकाम करी. मुलाला शाळेत सोडायला आले तेव्हा चाचांचे डोळे पाण्याने भरले होते. ते म्हणाले, "सर, शिर सलामत तो पगडी पचास. अभ्यासाचं काही टेन्शन देऊ नका त्याला. जिवंत आहे, बस्स."

मला ते पटले. मी त्याला पहिल्या बाकावर एकटे बसवले. गृहपाठ माफ केला. कवायतीच्या तासाला त्याला वर्गातच बसून राहायला सांगितले. सहलीला नेले नाही. मुलांना ताकीद दिली की याला धक्का लावायचा नाही, याच्याशी मस्ती करायची नाही. मुलांनी माझी आज्ञा इतकी काटेकोर पाळली की त्याच्याशी कोणी बोलेनासेच झाले. गणितात तो मागे पडला. मी म्हटले, जाऊ द्या, जीव वाचला हेच पुष्कळ. नववीच्या शेवटी त्याने शाळा सोडली. मला वाईट वाटले, परंतु आपली काही चूक झाली असे वाटले नाही.

पाचसहा वर्षांनी तो शाळेत आला, दाखल्याची प्रत मागायला. चांगला उंचनिंच झाला होता. मी चौकशी केली, चहा मागवला. जाताना तो म्हणाला, "सर, तुम्ही सगळ्यांना रागवायचे. मला एकट्याला कधी रागावला नाहीत. तेव्हाच मला कळलं होतं, माझ्याकडून कोणालाच काही अपेक्षा नाही."

बंधु-भगिनींनो, माझ्या आजवरच्या नोकरीत मला कोणी इतके स्पष्ट बोललेले नाही. त्या दिवसापासून मी या विषयावर मिळेल ते वाचू लागलो, माहीतगार डॉक्टरांना विचारू लागलो. त्यातून जे समजले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम एक गोष्ट लक्षात घेऊ, की हा प्रश्न तसा नवा आहे. पंच्याहत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी रक्ताचा कर्करोग झालेले मूल काही आठवड्यांत वा महिन्यांत जात असे. त्याच्या पुढच्या आयुष्याचा विचार करण्याची वेळच येत नसे. १९४८ साली अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी औषधाने हा रोग काही काळ मागे हटवता येतो हे प्रथम दाखवून दिले. ते औषध ज्या प्रयोगशाळेत तयार झाले, तेथील संशोधनाचे प्रमुख आपल्या आंध्रचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. पुढे औषधे वाढली, एकाच वेळी अनेक औषधे देण्याच्या पद्धती निघाल्या. आपल्याकडे १९८० च्या दशकात मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, दिल्लीची एम्स आणि चेन्नईची कॅन्सर इन्स्टिट्यूट यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने मुलांच्या रक्ताच्या कर्करोगासाठी एकच ठरावीक उपचारपद्धती अवलंबली आणि बरे होणाऱ्या मुलांचे प्रमाण खूपच वाढले. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्याप्रमाणे जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुलांना व किशोरांना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यांतील शंभरांपैकी ऐंशीहून अधिक बरे होतात. गरीब देशांत अनेक ठिकाणी हे प्रमाण तिसापेक्षाही कमी आहे. २०३० पर्यंत ते सर्व जगात निदान ६० टक्के व्हावे, असा संकल्प संघटनेने २०१८ साली सोडला आहे.

म्हणजे बरी झालेली मुले आता समाजात आहेत आणि वाढत जाणार आहेत. ती आपल्याच गल्लीत, आपल्याच वर्गात येणार आहेत. मग त्यांचे पुढे काय?

हा प्रश्न डॉक्टरांनीच स्वतःला विचारला, ही त्यांची थोरवी. १९७५ साली अमेरिकेतील डॉ. ज्युलिओ डँजिओ यांनी एक लेख लिहिला. नुसते बरे करणे पुरेसे नाही, असा इशारा त्यांनी लेखाच्या शीर्षकातच दिला होता. मूल वाचले एवढ्यावर समाधान मानू नका. ते मोठे होऊन धडधाकट, शिकलेले, कमावते माणूस झाले पाहिजे, असा त्याचा मथितार्थ.

आपल्या महाराष्ट्रात हा विचार कृतीत आणण्याचे श्रेय टाटा रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागाच्या डॉ. पूर्णा कुरकुरे आणि त्यांचे सहकारी यांच्याकडे जाते. परळचे हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. नाशिकच्या कितीतरी कुटुंबांना तेथली वाट ठाऊक आहे : सकाळची पंचवटी एक्स्प्रेस, दादर, आणि तेथून परळ. १९९१ साली तेथे मुलांसाठी एक वेगळा बाह्यरुग्ण विभाग उघडण्यात आला. 'आफ्टर कम्प्लिशन ऑफ ट्रीटमेंट', म्हणजे 'उपचार पूर्ण झाल्यानंतर', असे त्याचे नाव. थोडक्यात त्याला 'ॲक्ट क्लिनिक' म्हणतात. उपचार संपून दोन वर्षे झाली आणि रोगाचा मागमूस राहिला नाही, अशा मुलांची तेथे नोंद होते आणि पुढे दरवर्षी त्यांची तपासणी होते. पण ही तपासणी केवळ छातीला नळी लावून संपत नाही. मूल शाळेत जाते का, कितवीत आहे, मित्र आहेत का, नोकरी लागली का, लग्नाचे काय, याचीही विचारपूस तेथे होते. मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक हे त्या पथकाचे डॉक्टरांइतकेच महत्त्वाचे घटक आहेत. पुढे २००९ साली इंडियन कॅन्सर सोसायटीच्या आश्रयाने बऱ्या झालेल्या तरुण-तरुणींचा 'उगम' नावाचा गट उभा राहिला. ही मुले आज उपचार घेणाऱ्या मुलांना आणि त्यांच्या आईवडिलांना धीर देतात. हजार उपदेशांपेक्षा समोर उभा असलेला एक धडधाकट तरुण अधिक समजावून जातो.

आता कोणी विचारील, बरे झालेल्याला दरवर्षी डॉक्टरकडे कशाला न्यायचे? त्याचे उत्तर असे. कर्करोगाची औषधे आणि किरणोपचार ही दुधारी तलवार आहे. रोग मरतो, परंतु वाढत्या शरीरावर कधी कधी तिचा ओरखडा राहतो, आणि तो काही वर्षांनी दिसतो. काही औषधांचा परिणाम हृदयाच्या स्नायूवर होऊ शकतो. काहींमुळे ऐकू कमी येते. डोक्याला किरण दिले असतील तर उंची खुंटते, लक्ष एकाग्र करणे आणि भराभर लिहिणे-वाचणे जड जाते. काही उपचारांमुळे पुढे अपत्यप्राप्तीत अडचण येऊ शकते. अमेरिकेत १९९४ पासून अशा हजारो बऱ्या झालेल्यांचा पाठपुरावा चालू आहे. २००६ साली त्यांतील १०,३९७ जणांची तुलना ३,०३४ निरोगी भावंडांशी केली गेली. बऱ्या झालेल्यांपैकी सुमारे ६२ टक्क्यांना काही ना काही दीर्घकालीन तक्रार होती. भावंडांत हे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते.

हे आकडे ऐकून घाबरू नका. ही मंडळी १९७० ते १९८६ या काळात आजारी पडलेली होती. तेव्हापासून उपचार पुष्कळ सुधारले आहेत. डोक्याचे किरण तर आता शक्य तेथे टाळलेच जातात. प्रत्येक मुलाला प्रत्येक त्रास होतो असेही नाही. परंतु जो त्रास वेळेवर कळतो त्यावर बहुधा इलाज असतो, आणि जो लपून राहतो तोच घात करतो.

आता माझ्या स्वतःच्या धंद्याकडे, म्हणजे शाळेकडे येतो. आयुष्य चांगले चालले आहे की नाही, हे मोजायचे कसे? ताप थर्मामीटरने मोजता येतो, वजन काट्यावर कळते. पण सुख-दुःखाचा काटा कोठून आणायचा? अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डॉ. जेम्स वार्नी यांनी यासाठी एक प्रश्नावली तयार केली. या प्रश्नावलीत अवघे २३ प्रश्न आहेत. त्यांतील ८ शरीराविषयी : चालणे, पळणे, ओझे उचलणे वगैरे. ५ मनाविषयी : भीती, दुःख, राग, झोप, उद्याची काळजी. ५ इतर मुलांशी असलेल्या संबंधांविषयी. आणि शेवटचे ५ शाळेविषयी : वर्गात लक्ष लागते का, गोष्टी विसरायला होतात का, अभ्यासात इतरांच्या बरोबरीने राहता येते का, बरे न वाटल्याने शाळा बुडते का, दवाखान्यात जावे लागल्याने बुडते का. उत्तरांना गुण देऊन शून्य ते शंभर असे माप काढतात. ही प्रश्नावली आज जगभर अनेक भाषांत वापरली जाते.

तिच्यातील दोन गोष्टी मला फार मोलाच्या वाटल्या. पहिली ही, की २३ पैकी ५ प्रश्न सरळ शाळेचे आहेत आणि आणखी ५ मित्रांचे. म्हणजे जवळजवळ निम्म्या प्रश्नांची उत्तरे परळच्या रुग्णालयात घडत नाहीत, ती आपल्या वर्गात आणि आपल्या मैदानावर घडतात. दुसरी गोष्ट ही, की प्रश्नावली मुलाला वेगळी आणि आईबापांना वेगळी दिली जाते, आणि दोघांची उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत. आपण समजतो पोर खुशीत आहे. पोर मनात काही वेगळेच घेऊन बसलेले असते. माझ्या त्या विद्यार्थ्याबद्दल मला कोणी विचारले असते तर मी शंभरपैकी नव्वद गुण दिले असते. त्याला मात्र कोणी विचारलेच नाही. मीसुद्धा नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्याशी बोलतो. याच डॉ. वार्नींनी १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कर्करोग झालेल्या मुलांना आईवडील, शिक्षक, मित्र आणि वर्गसोबती यांचा आधार किती वाटतो, आणि त्याचा त्यांच्या मनावर काय परिणाम होतो, हे त्यांनी पाहिले. त्यात वर्गसोबत्यांचा आधार विशेष महत्त्वाचा ठरला. मोठमोठ्या औषधांनी जे होत नाही ते तुमच्या एका हाकेने होते. "चल, आज तू बॉलिंग कर," एवढेच म्हणा. कर्करोग शिवल्याने, एका डब्यात खाल्ल्याने, शेजारी बसल्याने होत नाही, हे पक्के ध्यानात ठेवा. उलट उपचार चालू असताना त्या मुलालाच आपल्यापासून जपावे लागते. आपल्या गोवर-कांजिण्या त्याला भारी पडतात. केस गळले म्हणून हसू नका. ते परत येतात. हसण्याचा घाव मात्र राहून जातो.

माझ्या शिक्षक बंधु-भगिनींना, मी जे केले नाही ते करावे अशी विनंती आहे. मूल उपचारांसाठी गेले की त्याचे नाव पटावरून काढण्याची घाई करू नका. वर्गातून पत्रे पाठवा, फोनवर धडा कोठवर आला ते सांगा. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवावे आणि राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी खास शिकवावे, अशी तरतूद २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यात आहे. तिचा उपयोग करा. मूल परत आल्यावर 'लक्ष देत नाही' असा शेरा मारण्यापूर्वी त्याला नीट ऐकू येते का ते पाहा. लिहायला वेळ लागत असेल तर प्रश्न कमी द्या, पण द्या. ऐकण्याचे वा दृष्टीचे अपंगत्व राहिले असेल तर रीतसर प्रमाणपत्र काढून घ्या. मंडळाच्या परीक्षेत जादा वेळ मिळतो. खेळू द्यावे की नाही हे आपण ठरवू नये, डॉक्टरांची चिठ्ठी मागावी. आणि चुकले तर रागवा. प्रेमाने रागवा, पण रागवा. रागावणे याचा अर्थ, तुझ्याकडून मला आशा आहे.

आता माता-पालकांना तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट फाईलची. उपचार संपले की रुग्णालयातून कागद मिळतात : कोणता रोग, कोणती औषधे, किती प्रमाणात, किरण कोठे दिले. पोर बरे झाले की पुष्कळ घरांत ही फाईल पेटीच्या तळाशी जाते. घर बदलताना हरवते. कृपा करून असे होऊ देऊ नका. पंधरा वर्षांनी छातीत धडधड झाली तर नव्या डॉक्टरला तोच कागद वाट दाखवील. जन्मदाखला जसा जपता तशी ती जपा. मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, आणि मूल जाणते झाले की फाईल त्याच्या हाती द्या.

दुसरी गोष्ट लपवण्याची. काही घरांत मुलालाच सांगत नाहीत की त्याला काय झाले होते. मुलगी असेल तर लग्नाच्या काळजीने सारेच झाकले जाते. आईबापांचे दुःख मी समजू शकतो. "कोण करील हो हिला?" हा प्रश्न रात्री झोपू देत नाही. परंतु ज्या मुलीला आपल्या शरीराची हकीकत ठाऊक नाही, ती तपासणीला जाणार कशी, आणि बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरला सांगणार काय? आणखी एक गैरसमज दूर करतो. बऱ्या झालेल्यांपैकी अनेकांना मुलेबाळे होतात, आणि ज्या थोड्या प्रकारांत रोग रक्तातून उतरतो, उदाहरणार्थ डोळ्याच्या पडद्याचा एक कर्करोग, ते सोडले तर आईचा वा बापाचा आजार मुलांत उतरत नाही. तेव्हा मुलगी दाखवताना हा प्रश्न निघाला तर खरे सांगावे, आणि डॉक्टरांना विचारून सांगावे. खोट्यावर बांधलेले घर पहिल्याच आजारपणात हादरते.

तिसरी गोष्ट पैशाची व खेपांची. उपचार अर्धवट सोडणे हा आपल्याकडे मुलांच्या मृत्यूला मोठेच कारण झालेला आहे. राज्य शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार आहेत. रेल्वे कर्करुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत देते. मुंबईत उपचारांसाठी आलेल्या मुलांच्या कुटुंबांची विनामूल्य राहण्याची सोय करणाऱ्या संस्था आहेत. त्यांतील सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही २००६ पासून काम करते. रुग्णालयातील समाजसेवकांना भेटा, विचारायला लाजू नका. आणि आपल्या संस्थेने अशा मुलाच्या फीचा व शिकवणीचा भार उचलावा, अशी मी या व्यासपीठावरून नम्र विनंती करतो.

आता मूळ गोष्टीकडे परत येतो. तो मुलगा दाखल्याची प्रत कशासाठी मागत होता, हे सांगायचे राहिले. त्याला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचे होते. मी म्हटले, गणित मी शिकवू शकत नाही, पण शिकवणारा माणूस शोधून देतो. मराठी आणि इतिहास माझ्याकडे. रोज संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर तो येत असे. पहिल्या आठवड्यात तो निबंध न लिहिता आला. मी त्याला चांगलाच रागावलो. तो खाली मान घालून हसत होता. आमचा हिशेब तेथे मिटला असे मी म्हणणार नाही; त्याची गेलेली वर्षे मी परत देऊ शकत नाही. पण तो दहावी झाला, आणि दरवर्षी तपासणीला न चुकता जातो. फाईल त्याच्याच कपाटात आहे.

चाचांचे म्हणणे खोटे नव्हते. शिर सलामत राहिले पाहिजे, ते प्रथम. परंतु पगडी आपोआप येत नाही. शिर डॉक्टरांनी वाचवले. पगडी बांधण्याचे काम आईबापांचे, शिक्षकांचे आणि वर्गातल्या चाळीस पोरांचे आहे.

 

— एक सहशिक्षक, बी.ए., बी.एड., नाशिक